धुके, रस्ता आणि जबाबदारी : लोणारच्या वाटेवरून अपघात-कायद्याचा इतिहास

१/ हिवाळ्यातील एक पहाट डोळ्यांपुढे आणा. लोणारहून मेहकरकडे जाणारा रस्ता, ओढ्यावरच्या पुलाला वेढून बसलेले धुके, आणि पुढे कापसाने शिगोशीग भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली. मागून येणारा दुचाकीस्वार तिच्यावर आदळतो. चौकीत दोन्ही बाजूंचा जबाब एकच असतो : "धुकं होतं, दिसलं नाही." धुक्याला न्यायालयात उभे करता येत नाही. मग मृताच्या घरी जे रितेपण आले, त्याची भरपाई कोणी करायची?

२/ या प्रश्नाला कायद्याने गेल्या दोन शतकांत वेगवेगळी उत्तरे दिली. आरंभी उत्तर होते, "कोणीच नाही." मग "ज्याचा दोष सिद्ध होईल तो." पुढे "ज्याने ते यंत्र रस्त्यावर आणले तो." आणि अलीकडे पहिल्यांदाच, दबक्या आवाजात, "ज्याने तो रस्ता बांधला तोही." आजचा धागा या प्रवासाचा आहे. त्यातले काही महत्त्वाचे टप्पे आपल्या आसपासचे आहेत.

३/ प्रारंभ इंग्लंडमध्ये, १८०८ साली. घोड्यांची प्रवासी गाडी उलटली. तीत बसलेल्या गृहस्थाची पत्नी जखमी झाली आणि सुमारे महिन्याभराने वारली. नवऱ्याने दावा केला. लॉर्ड एलेनबरो यांनी तत्त्व सांगितले की, माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी हानी नव्हे. पत्नीच्या सहवासाची भरपाई मिळाली ती फक्त तिच्या शेवटच्या श्वासापर्यंतची. याचा व्यवहारातला अर्थ विचित्र होता : माणसाला जखमी करणे गाडीवाल्याला महाग पडे, ठार करणे स्वस्त.

४/ हा नियम मोडला तो आगगाडीमुळे. रेल्वे-अपघातांत माणसे दगावू लागली तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटने १८४६ साली प्राणघातक अपघातांचा कायदा केला. हिंदुस्थानात पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. दोनच वर्षांत, १८५५ मध्ये, तसाच कायदा येथेही आला. चुकीच्या कृत्याने, हयगयीने किंवा कसुरीने कोणी मेला, तर त्याच्या कुटुंबाला दावा करता येईल, असे तो सांगत होता. हा कायदा आजही रद्द झालेला नाही.

५/ पण त्यातले 'कुटुंब' इंग्रजी घराच्या मापाचे होते : पती, पत्नी, आईबाप, अपत्य. इथल्या घरात पोशिंदा अनेकदा थोरला भाऊ असे. त्याच्या कमाईवर धाकटा शिके, बहिणीचे लग्न होई. तो गेला तर भावाला या कायद्यात जागा नव्हती. ही उणीव पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे टिकली. तिच्याकडे आपण परत येऊ.

६/ येथे लोणारचा एक पेच आहे. लोणार तेव्हा मेहकर तालुक्यात, म्हणजे वऱ्हाडात. वऱ्हाडाचा कारभार १८५३ च्या तहापासून इंग्रजांच्या हाती गेला, तरी मुलूख कायद्याने निजामाचाच राहिला. सरकारी कागदांत त्याचे नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असे होते. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते वेगळ्या आदेशांनी आणावे लागत. १९०२ मध्ये निजामाने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने दिला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला, तरीही ही कायदेशीर तफावत राहिली.

७/ दाद मागण्याची दारेही बदलत गेली. आधी ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय, १९३६ पासून नागपूरचे उच्च न्यायालय, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. अपघातात माणूस गमावलेल्या खेड्यातल्या घराला हे सारे फार दूर होते. शिवाय दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरावी लागे. ज्याचा कमावता गेला, त्यानेच आधी पैसे उभे करायचे, अशी ती रीत होती.

८/ याहून मोठी अडचण पुराव्याची. समोरच्याची हयगय सिद्ध करण्याचा भार दावेदारावर होता. आता आपली धुक्यातली पहाट आठवा. दुचाकीस्वार मेला आहे. ट्रॉलीचा चालक सांगतो, "दिवा होता, यानेच वेगात येऊन धडक दिली." तिसरा साक्षीदार नाही. विधवा घरी होती, तिने काहीच पाहिलेले नाही. सत्य ज्याला ठाऊक तोच प्रतिवादी, आणि सिद्ध करायचे तिने. दोषाधारित कायद्याची ही भिंत होती. धुके, अंधार आणि एकाकी रस्ता ती आणखी उंच करीत.

९/ मोटारी वाढल्या तसा १९१४ साली पहिला अखिल भारतीय मोटार-कायदा आला. नोंदणी आणि परवाने हा त्याचा मुख्य विषय होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने पहिल्यांदा मोठे पाऊल टाकले : त्रयस्थ व्यक्तीच्या हानीसाठी विमा सक्तीचा. हे प्रकरण प्रत्यक्ष अमलात आले १ जुलै १९४६ रोजी. मालक कंगाल निघाला तरी भरपाई बुडू नये, हा त्यामागचा विचार. मात्र विमा कंपनीने पैसे द्यायचे ते मालकाचे दायित्व ठरल्यावरच, आणि दायित्व ठरायला हयगय सिद्ध व्हावी लागे. भिंत तशीच होती.

१०/ १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद केली. दिवाणी दाव्याची लांबण टाळून, साध्या पद्धतीने चौकशी करून भरपाई ठरवावी, असा हेतू. बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायाधीशच हे काम पाहू लागले. दार सोपे झाले. आत गेल्यावर विचारला जाणारा प्रश्न मात्र जुनाच होता : चूक कोणाची?

११/ आता आपल्या मुलखातला, हिवाळ्यातलाच एक अपघात. १८ डिसेंबर १९६०. महाराष्ट्र राज्य होऊन आठ महिनेही झालेले नाहीत. एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीची मोटार नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघाली. पांढुर्णा म्हणजे मराठी बोलणारा, पण मध्य प्रदेशात राहिलेला सीमाभाग. गाडी कंपनीचा व्यवस्थापक चालवत होता. वाटेत ती रस्त्याच्या उजव्या, म्हणजे चुकीच्या, बाजूच्या झाडावर इतक्या जोराने आदळली की इंजिन आपल्या जागेवरून मागे सरकले. आतला एक प्रवासी मरण पावला आणि त्याच्या कुटुंबाने दावा दाखल केला.

१२/ न्यायाधिकरणाने भरपाई दिली. उच्च न्यायालयात मात्र दावा फेटाळला गेला. निकाल सर्वोच्च न्यायालयातून आला तो १९७७ साली, अपघातानंतर सतराव्या वर्षी. न्यायालयाने 'रेस इप्सा लॉक्विटर' हे तत्त्व लावले. अर्थ असा : घटना स्वतःच बोलते. सरळ रस्त्यावरची गाडी चुकीच्या बाजूच्या झाडावर जाऊन आदळते, ही गोष्ट सावध चालकाच्या हातून सहसा घडत नाही. तेव्हा आता खुलासा गाडीवाल्याने करायचा. अपघाताचे खरे कारण अनेकदा प्रतिवादीलाच ठाऊक असते, दावेदाराला नाही, ही अडचण न्यायालयाने स्पष्ट शब्दांत ओळखली.

१३/ याच निकालाने दुसरी गोष्ट पक्की केली. व्यवस्थापक कंपनीच्या कामासाठी गाडी नेत होता, म्हणून त्याच्या हयगयीला कंपनी जबाबदार. मालक गाडीत नसला तरी ज्याच्या कामासाठी चाक फिरते, त्याच्यावर दायित्व ओघाने येते. लोणारच्या ट्रॉलीला हेच लागू. चालक मजुरीवर असेल, पण दिवा न बसवणारा मालक घरी निजला होता म्हणून सुटत नाही.

१४/ गंमत पाहा. त्याच १९७७ साली, त्याआधी अवघे दोन महिने, सर्वोच्च न्यायालयानेच मुंबईच्या एका ट्रक-अपघातात उलट दिशेचे विधान केले होते. ट्रकमालकाचा बचाव यांत्रिक बिघाडाचा होता. मुंबई उच्च न्यायालयाने पुढारलेली भूमिका घेतली होती की, १९३९ च्या कायद्याखाली हयगय सिद्ध न करताही भरपाई मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले : हयगयीचा पुरावा हवाच, आणि नियम बदलायचा तर तो संसदेने बदलावा. म्हणजे भिंतीला खिडकी पडली होती, भिंत कायम होती.

१५/ जग तोवर पुढे गेले होते. जर्मनीने १९०९ मध्येच मोटारीच्या धारकावर, त्याचा दोष न विचारता, दायित्व घातले. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३० मध्ये ठरवले की, वस्तू ज्याच्या ताब्यात तो तिच्या हानीला जबाबदार. तो खटला ट्रकच्या धडकेने जखमी झालेल्या एका मुलीचा होता. न्यूझीलंडने १९७४ पासून दोषाचा शोधच बाजूला ठेवून सार्वजनिक निधीतून भरपाई सुरू केली. बर्फाळ देशांत ऋतूच कायद्यात शिरला : जर्मनीत २०१० पासून निसरड्या हिवाळी रस्त्यावर त्या योग्यतेचे टायर नसलेली गाडी चालवणे हाच गुन्हा ठरतो. हिवाळा येणार हे ठाऊक होते, मग तयारी का केली नाही, असा तो प्रश्न.

१६/ भारतात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यासारखे न्यायाधीश आपल्या निकालांतून संसदेला हाच आग्रह करीत होते. अखेर १ ऑक्टोबर १९८२ पासून १९३९ च्या कायद्यात कलम ९२-अ आले. मृत्यूसाठी १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये, चूक कोणाची हे न विचारता. रक्कम लहान होती. तत्त्व मात्र सव्वाशे वर्षांच्या भिंतीला पाडणारे होते. "धुकं होतं" हे वाक्य या रकमेपुरते निरुपयोगी झाले.

१७/ या कलमाची कसोटी साताऱ्यात लागली. २९ ऑक्टोबर १९८७, पहाटेपूर्वीचा अंधार, राष्ट्रीय महामार्ग ४. पुण्याकडून बंगळूरच्या दिशेने चाललेला पेट्रोलचा टँकर समोरच्या ट्रकशी धडकून रस्त्याच्या कडेला उलटला. पेट्रोल गळू लागले. जवळच्या वस्तीतली माणसे जमली. काही तासांनी भडका उडाला आणि अनेकांचे प्राण गेले. मालक व विमा कंपनी म्हणाली : टक्कर पहाटेची, स्फोट नंतरचा. पडलेला टँकर काही 'वापरात' नव्हता. मग हा मोटारीच्या वापरातून झालेला अपघात कसा?

१८/ न्यायाधिकरणाने हे म्हणणे मानले, मुंबई उच्च न्यायालयाने नाकारले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचे मत कायम केले. गाडी चालत असली तरच ती वापरात, असा संकुचित अर्थ घेता येणार नाही. बंद पडलेली, उलटलेली, थांबलेली गाडीही वापरातच आहे. धोका त्या गाडीतून उद्भवला ना, एवढे पुरे. धुक्यात रस्त्यावर उभ्या करून ठेवलेल्या प्रत्येक ट्रकचा विचार करताना हा निकाल लक्षात ठेवावा.

१९/ आता तो भाऊ. १९८७ मध्येच, गुजरातच्या एस.टी. महामंडळाशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, भारतीय कुटुंबाची घडण वेगळी आहे आणि मृताच्या भावालाही मोटार कायद्याखाली भरपाई मागता येते. १८५५ च्या मापाचा अंगरखा अखेर इथल्या अंगाला बेतून शिवला गेला.

२०/ १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. दोष न पाहता मिळणारी रक्कम मृत्यूसाठी २५,००० झाली, १९९४ मध्ये ५०,०००. त्याच वर्षी आणखी एक बदल झाला, ज्याचे मोल गावाकडे अधिक आहे : दावा अपघात घडला तिथेच करण्याची सक्ती गेली. दावेदार राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही तो करता येतो.

२१/ याचा अर्थ हिवाळ्यात उमगतो. दिवाळी आटोपली की कोयता घेऊन जोडपी ऊसतोडीला निघतात आणि चार-पाच महिने परजिल्ह्यात, कारखान्याच्या वाटांवर, रात्रीबेरात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या नि बैलगाड्यांसोबत असतात. त्यांचा हंगाम म्हणजेच धुक्याचा आणि लांब रात्रींचा काळ. कोल्हापूर-सांगलीकडे अपघात झाला तरी बुलढाणा जिल्ह्यातल्या घराला आता तारखांसाठी तिकडे खेपा घालाव्या लागत नाहीत.

२२/ मग आले २००१. एका जीपचे टायर फुटले, ती उलटली आणि पायी जाणारा माणूस मेला. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दावा फेटाळला : टायर फुटले यात चालकाची काय चूक? सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती के. टी. थॉमस यांनी १८६८ चा एक इंग्रजी नियम पुढे आणला. तो खटला होता तळ्याचा. एकाने आपल्या जमिनीत पाणी साठवले, ते फुटून शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. धोकादायक वस्तू आपल्या लाभासाठी जो आणतो, ती निसटून हानी झाल्यास त्याने ती भरावी, हयगय असो वा नसो.

२३/ या नियमाला थोडे अपवाद आहेत. त्यांतला प्रसिद्ध म्हणजे 'दैवी आपत्ती' : माणसाच्या दूरदृष्टीला न कळणारी, सावधगिरीने न टळणारी निसर्गाची घटना. धुके यात बसते काय? सहसा नाही. पौष-माघात ओढ्याकाठी धुके येते, हे लोणारचे शेंबडे पोरही सांगेल. जे दरवर्षी येते ते अनपेक्षित नसते. उलट, धुके दिसताच चालकाच्या सावधगिरीचे माप वाढते. ज्या वेगाने दुपारी जाणे रास्त, तोच वेग पहाटे हयगय ठरू शकतो.

२४/ किती सावकाश जावे? १९३३ च्या एका इंग्रजी खटल्यात कठोर तर्क मांडला गेला : अंधारात उभ्या गाडीवर जो आदळतो, तो एकतर पाहत नव्हता किंवा दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येणार नाही इतक्या वेगात होता. पुढच्या न्यायाधीशांनी त्याला पोलादी नियम मानायला नकार दिला, आणि ते बरेच झाले. नाहीतर बिनदिव्याची गाडी रस्त्यात सोडणारा प्रत्येक जण निर्दोष ठरला असता. आपल्या १९८८ च्या कायद्यात कलम १२२ आहे : इतरांना धोका होईल अशा स्थितीत वाहन रस्त्यावर सोडू नये. परावर्तक पट्ट्या आणि उभ्या वाहनाचे दिवे यांचे नियमही १९८९ पासून आहेत.

२५/ डिसेंबर २०११ मधल्या एका रात्रीचा उत्तर भारतातील खटला येथे मार्गदर्शक आहे. रस्त्यात दिव्याविना उभ्या टँकरवर मोटार आदळली. उच्च न्यायालयाने मोटारचालकावर निम्मा दोष टाकला आणि भरपाई निम्मी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते रद्द केले. समोरून येणाऱ्या वाहनांच्या झोतात उभा टँकर दिसलाच नाही, हा पुरावा न्यायाधिकरणाने मानला होता, आणि तो बाजूला सारण्यास कारण नव्हते. "जपून चालवायला हवे होते" एवढे म्हणून मृताच्या माथी अर्धा दोष मारता येत नाही.

२६/ येथे दोन शब्द नीट वेगळे करून घ्या. मृताचीही थोडी चूक असेल तर ती 'अंशदायी हयगय' : भरपाईतून तेवढा वाटा वजा होतो. पण दोन गाड्यांच्या चुकीने तिसरा माणूस, उदाहरणार्थ प्रवासी, मेला तर ती 'संयुक्त हयगय'. तेव्हा त्याच्या कुटुंबाला पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करता येते. आपसांतला हिशेब त्या दोघांनी करावा. हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. धुक्यात बस उभ्या ट्रकवर आदळली, तर बसमधल्या बाईच्या घरच्यांनी कोणाची चूक किती टक्के हे मोजत बसायचे नाही.

२७/ आता आपल्या काळात येऊ. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके ताशी १२० किलोमीटरच्या रस्त्याला जोडले गेले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे नागपूरहून पुण्याला चाललेली खासगी बस उलटून पेटली. २५ माणसे जळून गेली. चालकाला अटक झाली. सरळ, एकसुरी रस्त्यावर येणारी ग्लानी, टायरांची अवस्था, बसची बांधणी, बाहेर पडण्याचे मार्ग, या सगळ्यांवर राज्यभर चर्चा झाली.

२८/ १५ ऑक्टोबर २०२३. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची टेम्पो ट्रॅव्हलर वैजापूरजवळ मध्यरात्रीनंतर एका ट्रकवर मागून आदळली. १२ जण गेले. तो ट्रक परिवहन विभागाच्या अधिकाऱ्यांनी थांबवला होता, असा आरोप झाला. दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. द्रुतगती रस्त्यावर वाहन उभे राहिले तर ते उभे करणाऱ्याचे काय, हा प्रश्न चालक आणि मालक यांच्या पलीकडे, शासनाच्या दारात गेला.

२९/ २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातही हे दार किलकिले केले होते. कलम १९८-अ : रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकारी, ठेकेदार वा सल्लागार यांना दंड. वळणावर फलक नाही, पुलावर कठडा नाही, धुक्याच्या पट्ट्यात परावर्तक नाहीत, हे आता केवळ तक्रारवहीतले वाक्य राहत नाही. पण दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपये, आणि तीही जाते सरकारी अपघात निधीत. मृताच्या घरी या कलमातून काही येत नाही.

३०/ त्याच दुरुस्तीचे भरपाईचे प्रकरण १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. अज्ञात वाहन धडकून पळाले तर मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. सोबत एक काटाही आला : अपघातापासून सहा महिन्यांत दावा. ही मुदत १९९४ मध्ये काढून टाकली होती, ती परत आली. ऊसतोडीहून परतून, दिवसकार्य उरकून, कागद जमवेपर्यंत सहा महिने सरतात. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे.

३१/ फौजदारी बाजूही थोडक्यात. १८६० च्या दंडसंहितेत १८७० साली कलम ३०४-अ घातले गेले : हयगयीने मृत्यू, कमाल दोन वर्षे कैद. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षे केली. अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्यासाठी दहा वर्षांचे उपकलम मात्र जानेवारी २०२४ च्या मालवाहू चालकांच्या आंदोलनानंतर लागू करायचे थांबवले आहे. एक फरक ध्यानी असू द्या. फौजदारी खटल्यात दोष संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, भरपाईच्या दाव्यात शक्यतेचे पारडे जड असले की पुरे. चालक निर्दोष सुटला म्हणून भरपाईचा हक्क आपोआप जात नाही.

३२/ आता पहिल्या पहाटेकडे त्याच प्रश्नाने पाहू. १८५० मध्ये लोणारच्या त्या विधवेला काहीही मिळाले नसते. १९५० मध्ये तिला साक्षीदार शोधावा लागला असता आणि कोर्ट फी भरावी लागली असती. आज ती आपल्याच जिल्ह्यात दावा करू शकते. ट्रॉलीला दिवा नव्हता हे घटनास्थळाच्या पंचनाम्यातून मांडू शकते. मालक आणि विमा कंपनी यांना उत्तर द्यायला लावू शकते. यातले काहीच सिद्ध झाले नाही, तरी त्या वाहनाच्या वापरातून मृत्यू झाला एवढ्यावर ठरावीक रक्कम मागू शकते.

३३/ तिला अजून दोन गोष्टी मिळालेल्या नाहीत : ओढ्यावरच्या पुलाला पट्ट्या न लावणाऱ्याकडून भरपाई, आणि दुःखातून सावरायला पुरेसा अवधी. १८०८ पासून कायदा ज्या गतीने बदलला ती पाहता, यासाठीही कोणीतरी खटला लढवावा लागेल, आणि तो बहुधा अशाच एखाद्या आडवाटेवरच्या अपघातातून उभा राहील.

३४/ धागा येथे संपवतो. तुमच्या तालुक्यात ज्या पुलावर, ज्या वळणावर दर हिवाळ्यात अपघात होतात, त्याची जागा आणि तिथे काय नाही ते खाली लिहा : दिवा, पट्टी, कठडा, फलक. मृतांची नावे नकोत. जागांची अशी नोंद साठत गेली, तर "धुकं होतं" या जबाबाला पुढे कधीतरी ती उपयोगी पडणारे उत्तर ठरेल.